शिंगटीच्या काट्यांचे दोन डबे

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर ओरडले ते वाचताना धक्का बसायला नको. आई म्हणते, ते मासे तुला सहन तरी कसे करतात? मी म्हणते, माझ्याकडे येईपर्यंत ते मेलेले असतात, म्हणून.

आमच्या घरात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही. वडील लातूरकडून पिंपरीला एका कंपनीत फिटर म्हणून आले, चिंचवडला दोन खोल्यांचं घर केलं, आणि त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं प्राणिशास्त्र शिकून माशांची हाडं मोजायचं काम पत्करलं. सकाळी कॉलेजात शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायची. आईनं फ्रिजचा बर्फाचा कप्पा मला दिला, पण अट घातली की त्याला हात लावला की आंघोळ करूनच ओट्यापाशी यायचं. ती स्वतः तो कप्पा पुन्हा कधी उघडायला गेली नाही. गेले कितीतरी उन्हाळे आमच्याकडे पाहुण्यांना बर्फाचं सरबत मिळालेलं नाही.

माझा मासा म्हणजे शिंगटी. आपल्या नद्यांतला बिनखवल्याचा, मिशाळ मासा. तोंडाभोवती लांब मिशा, अंग बुळबुळीत, आणि छातीच्या दोन परांना व पाठीच्या एका पराला हाडाचा एकेक काटा. घाबरली की शिंगटी हे तिन्ही काटे ताठ उभे करते. हाताला लागले तर असा ठणका लागतो की माणूस मासा सोडून मनगट धरून बसतो.

प्रश्न साधा होता. चाकणच्या आसपासच्या नद्यांत सापडते ती शिंगटी एकाच जातीची की दोन? बाजारात सगळ्यांना शिंगटीच म्हणतात, आणि रश्शात पडल्यावर काय फरक उरतो? जुन्या याद्यांतही एकच नाव होतं. पण दोन जाती असतील तर त्यातली एक संपली तरी यादीतलं नाव तसंच राहणार, आणि गेली कोण हे कुणी विचारणारही नाही. ह्या विचारानं माझ्या डोक्यात तिडीक जायची. एवढी वर्षं नदीत राहायचं, आणि जाताना कुणाला पत्ताही नाही?

चाकणच्या पुढे नव्या गाड्या वाहून नेणारे ते लांबलचक ट्रेलर रांगेनं उभे असतात, त्यांच्या कडेनं स्कूटर काढत गेलं की एक वळण येतं, आणि मग बाभळी, थोडा ऊस आणि खाली भामा नदी. तिथे काठाला एका घरात आबा राहायचे. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं, म्हणून मीही. पिढ्यान् पिढ्या नदीवर मासे धरणारं घर. आता मुलगा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्ट सेकंड शिफ्ट करणारा. जाळं घेऊन नदीत उतरणारे घरात एकटे आबाच उरले होते.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या टोपलीतली शिंगटी उचलायला गेले. पुस्तकात कशी धरायची ते वाचलेलं होतं ना. उंटावरची शहाणी! अंगठ्याच्या मुळाशी काटा असा घुसला की मी तिथेच चिखलात बसकण मारली आणि पुढची पाच मिनिटं जे काही बोलले ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं नाही हे नशीब. आबांनी सुनेला हाक मारून गरम पाणी मागवलं, माझा हात त्यात बुडवला, मग तो मासा उचलला, त्याच्या काट्यावरून अंगठा फिरवला आणि सूर्याकडे बघितलं.

"तासाची हाय," ते म्हणाले. "तासात उतरंल. सांजेची असती तर सांजेपत्तर रडला असता, म्याडम."

तासाभरानं खरंच उतरलं. मग त्यांनी सांगितलं की शिंगट्या दोन असतात. रंग एक, मिशा एक, शेपूट एक, डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. पण काट्याच्या मागच्या कडेला दाते असतात. एकीचे बारीक, ती तासाची. दुसरीचे जाड आणि आकड्यासारखे वळलेले, ती सांजेची, कारण तिचा ठणका सांज होईपर्यंत जात नाही. काटा मोडताना अंगठ्याला बरोबर कळतं. लहानपणापासून त्यांनी हेच केलेलं. त्यांचा मुलगा दारात उभा होता, तो हसला आणि म्हणाला की आबांचं आपलं कायतरीच असतं, मासा तो मासा. आबांचं तोंड एवढंसं झालं.

मीही मनात हसलेच होते. ठणक्यावरून जात ओळखायची म्हणजे काय! वहीत ते लिहिलं नाही. हा माझा पहिला शहाणपणा.

दुसरा शहाणपणा त्याहून मोठा. त्या दिवसानंतर आबा मला देण्याआधी प्रत्येक शिंगटीचे तिन्ही काटे मोडायला लागले. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला मासा द्यायचा तर काटे मोडूनच द्यायचा, अशी रीतच होती. मासा मुठीत धरायचा, काट्यावरून अंगठा न्यायचा, मागे दाबून कडकन मोडायचा. माझ्यासाठी तर ते जास्तच बुडापासून मोडायचे, की म्याडमला पुन्हा लागायला नको. आणि मी नको म्हणायला पाहिजे होतं. काटा हा शिंगटीचा महत्त्वाचा अवयव, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण खरं सांगू? मला भीती बसली होती. मोडलेले मासे हातात घ्यायला बरे वाटायचे. वाटलं, कवटी आहे, मणके आहेत, तेवढ्यात भागेल.

दोन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले. कामाचा काय नाद लागला होता म्हणून सांगू! प्रत्येक माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून स्पिरिटच्या नळीत ठेवायचा, तो पुढे डीएनए वाचायला जाणार. उरलेल्या माशांतले काही रसायनात ठेवायचे. त्यात मांस हळूहळू पारदर्शक होतं आणि रंग टाकला की आतलं प्रत्येक हाड लालभडक दिसायला लागतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी आईला जबरदस्तीनं प्रयोगशाळेत आणलं. ती बराच वेळ बाटलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, अगं, हिच्या बरगड्या किती नाजूक गं. त्या दिवशी तिनं मला आंघोळ करायला लावलं नाही. बाकीच्या माशांचे एक्स-रे आमच्याच गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांनी काढून दिले, रविवारी, दवाखाना बंद असताना. पेशंटांना सांगू नका एवढंच ते म्हणाले.

आणि आबा. त्यांना वाटायचं की मला कुणी घरी खायला घालत नाही. गेले की आधी भाकरी, मग मासे. मी मासे खात नाही म्हटल्यावर सुनेनं माझ्यासाठी पिठल्याचा नेम धरला. बाटलीतल्या लाल हाडांचे फोटो मी त्यांना मोबाईलवर दाखवायचे, ते मोबाईल लांब धरून एकेक हाड न्याहाळायचे आणि मोडलेल्या काट्याच्या खुंटावर बोट ठेवायचे. म्हणायचे, खरी वळख हितं असती. मी हो हो म्हणायचे. माझी चीडचीड त्यांनी जितकी ऐकून घेतली तितकी माझ्या नवऱ्यानंही ऐकून घेतलेली नाही.

मग मला दिवस गेले. बाळंतपण, मूल, कॉलेज, सगळं मिळून दीड वर्ष मी नदीकडे फिरकले नाही. बारशाला मात्र आबा आणि सून चिंचवडला आले होते. आबांनी मुलीसाठी चांदीचे वाळे आणले आणि त्या दिवसापासून मला म्याडम म्हणायचं सोडून लेकी म्हणायला लागले. आईनं त्यांना पाटावर बसवून वाढलं. मासेवाल्याला म्हणून नव्हे, मुलीच्या आजोबासारखं वाढलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की तिच्यावर ओरडायला काही कारण शोधावं लागलं.

मी कामावर परतले त्याच आठवड्यात डीएनएचा अहवाल आला. माझ्या सगळ्या नळ्या दोन गटांत पडल्या होत्या. मधलं काहीच नाही, इकडे एक गट, तिकडे एक. एकच नदी, एकच डोह, एकच जाळं, आणि दोन वेगळे मासे! मी स्टाफरूममध्ये उठून उभी राहिले. आबा बरोबर होते. आनंद झाला आणि लगेच शरमही वाटली, कारण त्यांचं म्हणणं मी वहीत लिहिलंसुद्धा नव्हतं.

पण माझे गाईड, पुण्यातले सर, डीएनएवर एकटं विसंबणारे नव्हेत. आयुष्य हाडांत गेलेलं. त्यांचं म्हणणं, डीएनएच्या अक्षरांत फरक दिसतो, ठीक आहे, पण ह्या दोन जाती नदीकाठी उभ्या असलेल्या माणसाला वेगळ्या ओळखता येतील असं एक तरी हाड दाखव. नाहीतर हा प्रबंध अर्धाच. माझ्या नोंदणीची मुदत दिवाळीनंतर संपत होती. आणि मुदत गेली की इतक्या वर्षांचं काम कचऱ्यात. मी कवट्या मोजल्या, मणके मोजले, बरगड्या मोजल्या. दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले. राहिला तो काटा. मी सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि एकेक मासा उलटापालटा केला. प्रत्येक काटा बुडातून मोडलेला.

त्या दुपारी मी स्कूटर काढली ती थेट भामेवर. श्रावण होता, नदी गढूळ आणि दोन्ही थड्या भरून, जाळं टाकायची सोय नाही. आबा ओसरीवर बसलेले. मी त्यांना फाडफाड बोलले. तुम्ही माझं वाटोळं केलंत, असंसुद्धा मी म्हणाले. माझ्या भल्यासाठी काटे मोडणाऱ्या माणसाला मी असं बोलले, अजून आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. ते सगळं ऐकून घेत होते. सुनेनं कढत चहाचे स्टीलचे दोन पेले आणून दिले, माझा मला धरवेना म्हणून मी तो पदराच्या टोकात धरला. आबांनी आपला पेला उघड्या मुठीत धरून ठेवला होता. मी बोलत होते म्हणून ते प्यायले नसावेत, असं मला वाटलं.

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझा रागच गळाला. म्हणाले, आता धरायला गेलीस तरी उपेग न्हाई. सांजेची डोहातनं गेली. तू यायची थांबली त्याच पावसाळ्यापास्नं एक सुदिक हाताला लागली न्हाई. दर वेळेला तासाचीच येती. वरून काळं पाणी येतं कधी कधी, त्यानं गेली असंल. हे सांगताना आबा नदीकडे बघत होते. बायको गेली ते सांगताना सुद्धा त्यांचा आवाज इतका खाली गेला नव्हता. मुलाला पटत नव्हतं तो मासा, पुस्तकात नव्हता तो मासा, आणि तो खरा ठरला तेव्हा तो उरला नव्हता.

मी निघताना ते मला सोडायला उठले, जरा लंगडत. चप्पल चावती म्हणाले. घरामागून वळताना मला आडोशाला दोन डबे दिसले, एक वनस्पती तुपाचा, एक दूध पावडरचा. मी सहज विचारलं, हे काय?

काटे, ते म्हणाले. मोडलेले काटे वाटेला टाकायचे नाहीत, काठानं माणसं अनवाणी येतात-जातात. डब्यात साठवायचे आणि डबा भरला की पुरायचे. सांजेचे काटे वेगळे ठेवायचे आणि दुप्पट खोल पुरायचे, ही आबांच्या आईची शिस्त. म्हणून डबे दोन. तासाचा काठोकाठ भरत आलेला. सांजेचा अर्ध्यावरच राहिलेला, त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच चिखलात फतकल मारली, पहिल्या दिवशी बसले होते त्याच जागी म्हणा. माझे सगळे हरवलेले काटे, आबांनी हातानं निवडून, जातीप्रमाणे लावून ठेवलेले. मी आबांच्या गळ्यात पडले. सून पदर तोंडाला लावून हसत होती.

डबे मी घरी नेले. काटे वर्षानुवर्षं एकावर एक पडत गेलेले, म्हणजे तळाला जुने आणि वर नवे. म्हणून मी ते ओतले नाहीत, वरून थराथरानं काढले आणि प्रत्येक थराला वेगळा कागद. प्रत्येक थरातले थोडे काटे वेगळे केले, त्यांना नुसते आकडे दिले आणि प्रयोगशाळेला पाठवले. कुठला काटा कुठल्या डब्यातला, ते त्यांना सांगितलं नाही. वाळक्या हाडातूनही डीएनए निघतो. डब्यावरून आबा काय म्हणतात ते मला माहीत होतं. आता डीएनए काय म्हणतो ते बघायचं.

गणपती उठले आणि निकाल आला. मी कागदाशेजारी कागद ठेवून एकेक आकडा जुळवत गेले. सांजेचा डबा, सगळे बरोबर. तासाचा डबा, तळापासून वरपर्यंत बरोबर, बरोबर, बरोबर. आणि मग सगळ्यात वरच्या थरातले सहा चुकीचे. तासाच्या डब्यातले सहा काटे सांजेचे निघाले.

मी प्रयोगशाळेला फोन लावला. नळ्यांची अदलाबदल तुम्हीच केलीत, असं छातीठोकपणे सांगितलं. तिकडची मुलगी गरीब, तिनं सगळं पुन्हा करून दिलं. तेच सहा. सर म्हणाले की सहाच आहेत, गाळून टाक, बाकीच्यावर तुझं काम होतंय. खरंच होत होतं. भिंगाखाली धरलं की फरक इतका स्वच्छ होता, एकीचे दाते बारीक आणि सरळ, दुसरीचे जाड आणि बुडाकडे वळलेले. आबांनी चिखलात बसून सांगितलं होतं अगदी तस्सं. माझा प्रबंध वाचला होता.

पण गाळून टाक म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी ते सहा काटे भिंगाखाली घेतले. जाड, वळलेले दाते. डीएनए खरं बोलत होता आणि हाडही खरं बोलत होतं. चुकला होता तो आबांचा अंगठा. पन्नास वर्षं न चुकलेला, आणि आता वरच्या थरात सारखा चुकणारा. चुकणाराही एकाच बाजूला, जाड दाते त्याला बारीक वाटत होते.

तेव्हा मला तो चहाचा पेला आठवला. उघड्या मुठीत धरलेला. आणि चावणारी चप्पल.

सकाळी पहिलं लेक्चर टाकून मी गेले. मुलगा फर्स्ट शिफ्टला गेलेला, सून भाकऱ्या थापत होती. मी आबांना म्हटलं, डोळे मिटा. त्यांच्या अंगठ्याखाली मी एक काटा ठेवला. तास, ते म्हणाले. दुसरा ठेवला. तास. तिसरा. तास. पहिले दोन सांजेचे होते. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड कधीच काही लपवू शकत नाही.

"चुकलो?"

मी विचारलं, कधीपासून? त्यांनी आधी सुनेकडे बघितलं. मग म्हणाले की मी यायची थांबले त्याच पावसाळ्यापासून, बोटांना कापूस बांधल्यासारखं वाटतं. तळपायांनाही, म्हणून पाऊल नीट टेकत नाही. साखर आहे हे डॉक्टरनं पूर्वीच सांगितलं होतं, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही. घरात बोलले नाहीत, कारण पोरगं नदी बंद करील. सुनेच्या हातातली भाकरी परातीतच राहिली.

मी म्हटलं, चप्पल काढा. ते नाही म्हणाले. मी अशी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. चप्पल काढली तर करंगळीच्या बुडाशी सगळं काळंनिळं सुजलेलं, आणि त्यांना त्याची जाणीवही नाही. सून रडायला लागली. मी तिच्यावरही ओरडले, मग तिला जवळ घेतलं, मग रिक्षा बोलावली. चाकणच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम उघडली तेव्हा आतून काट्याचा तुकडा निघाला. दहाबारा दिवसांपूर्वीचा असेल म्हणाले. तेव्हा पूर ओसरला म्हणून आबा कुणाला न सांगता डोहात उतरले होते. पायाची करंगळी काढावी लागली. अजून आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर आबा उशीला टेकून बसलेले. करंगळीबद्दल एक शब्द नाही. मुलगाही शेजारी बसलेला, रात्रपाळी करून तसाच आलेला, खाली मान घालून. आबांनी मला विचारलं, पायातला काटा ठेवला का? मी डॉक्टरांकडून तो मागून घेतलेलाच होता, छोट्या डबीत. ते म्हणाले, मग बघ की, कुणाचा हाय.

मी पर्समधून भिंग काढलं आणि खिडकीपाशी गेले. अर्ध्या बोटाएवढा तुकडा, अजून ओलसर. वाटेवर पडलेला जुना काटा असणं शक्य नव्हतं, त्या काठाला काटा कुणी टाकत नाही. चिखलात दडलेल्या जिवंत माशाचाच तो. मागच्या कडेला जाड दाते, बुडाकडे वळलेले. मी दोनदा पाहिलं.

"सांजेची," मी म्हटलं.

ते म्हणाले, कायतरी बोलू नगं लेकी, ती गेली. मग मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. डब्यातले ते सहा काटे, प्रयोगशाळा, भिंग. ती येत होती, दर पावसाळ्याला येत होती, तुमच्या जाळ्यात आणि तुमच्या मुठीत. तुम्ही तिला तासाच्या डब्यात टाकत होता. तिचे दाते तुमच्या अंगठ्याला लागत नव्हते, एवढंच. मुलगा मान वर करून ऐकत होता. मी त्याला म्हटलं की दोन शिंगट्या आहेत हे तुझे वडील सांगत होते ना, ते आता छापून येणार आहे. त्यानं आबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आबांनी तो हात सोडवून घेतला, अंगठा बाकीच्या बोटांवरून हळूहळू फिरवला, पुन्हा फिरवला. "म्हंजी डोहात हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, हाय. पंधरा दिवसांमागं तुमच्या पायाखालीच होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडभर हसू.

"हात गेला व्हय," ते म्हणाले. "जाऊं दे. मला वाटलं व्हतं, ती गेली."